अक्कांच्या पायाचं दुखणं

लग्न होऊन मी बेंगळुरात आले तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. सासरची माणसं मराठीच, पण त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. माझ्या साताऱ्याकडच्या बोलण्याला ती हसायची, आणि त्यांचं कानडी शब्दांनी भरलेलं मराठी पहिले काही महिने मला अर्धंच कळायचं. बसवनगुडीतल्या त्या कौलारू बैठ्या घरात आम्ही चौघंच. सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. हे एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. मी. आणि यांची थोरली बहीण, अक्का. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घर अक्काच चालवायच्या, आणि शिवाय मुलींच्या कानडी शाळेत गणित शिकवायच्या.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर अक्का एका कोपऱ्यात पाटावर बसून स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी तापवत होत्या. नळीत निळं पाणी. मला वाटलं काही औषध करताहेत. मी बघत उभी राहिले तशा त्या म्हणाल्या, "घाबरू नको. माझं मूत आहे हे. सांबाराच्या पातेल्याला लागू देत नाही मी."

मला हसावं की नाही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा तर जास्त, विटेसारखा लाल झाला तर फारच. त्या दिवशी रंग नारिंगी झाला होता. "लहानपणी लागलं हे माझ्या मागं. तेव्हापासून निळा कधी राहिलाच नाही," त्या म्हणाल्या आणि सुईची पितळी डबी उघडून मांडीत सुई टोचून घेतली, आपण केसात पिन खोचावी इतक्या सहज. दोन्ही मांड्यांवर जुन्या टोचण्यांच्या गाठी आणि खळगे होते.

इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवलेली असे. वाळू कोरडी पडू द्यायची नाही, हे माझं पहिलं काम ठरलं. अक्का मला नावानं हाक मारत नसत. "ए सातारकरीण, वाळू बघितलीस का?" असं ओरडायच्या. लग्नाविषयी एकदा मी भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "कोण करणार? दोन-तीन स्थळं आली होती. अण्णांनी खरं सांगितलं, ती परत गेली. सरी. मलाही काही फार वाईट नाही वाटलं." सरी म्हणजे बरं, ठीक आहे. हा शब्द त्यांच्या तोंडात सतत असायचा. मला मात्र वाटे की वाईट वाटलं असणार.

सुरुवातीला मी त्यांना घाबरायचे. भात जरा गिचका झाला तरी त्या बोलून दाखवायच्या. पण मला कानडी त्यांनीच शिकवलं. गांधी बाजारात मला पुढं करून भाजीवालीशी बोलायला लावायच्या आणि स्वतः दोन पावलं मागं उभ्या राहून हसू दाबायच्या. शाळेतून येताना कधी मोगऱ्याचे गजरे आणायच्या, एक माझ्यासाठी, एक देवासाठी. स्वतः कधी माळला नाही. माझं माहेर दूर होतं, आणि दोन-तीन वर्षांत मी त्यांना माझंच माणूस समजायला लागले होते.

मग त्यांचा चेहरा सकाळी सुजलेला दिसायला लागला. संध्याकाळपर्यंत चेहऱ्याची सूज उतरायची आणि पाय सुजायचे. आमचे घरचे डॉक्टर म्हातारे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी लघवी तपासून मूत्रपिंडांवर परिणाम झालाय असं सांगितलं आणि मीठ बंद केलं. अक्कांनी मीठ सोडलं. लोणचं सोडलं, पापड सोडले. फळ्यावरचे आकडे आता पुसट दिसतात म्हणून त्या मोठ्या अक्षरात लिहायला लागल्या. शाळा सोडली नाही.

आणि एके दिवशी सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरातून मोठ्यानं हाक मारली. मी धावत गेले. त्यांच्या हातातली नळी उकळून उकळून थांबली होती आणि पाणी निळंच होतं.

"बघ गं, बघ. निळा! अण्णांना बोलाव."

अण्णा आले, हे आले. नळी हातोहात फिरली. पुढच्या दिवसांत तो रंग पुन्हा पुन्हा निळाच राहिला. कधी कधी तर अक्कांना घाम फुटून चक्कर यायला लागली, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं, मग आणखी कमी केलं. वीस-बावीस वर्षं जे वाढतच गेलं होतं ते उतरायला लागलं. अक्कांनी मला केसरीबात, म्हणजे केशरी गोड शिरा, करायला सांगितला, साजूक तुपातला, आणि स्वतः एक चमचा खाल्ला. तो चमचा त्यांनी किती वेळ तोंडात घोळवला! मग त्या म्हणाल्या, "या सुट्टीत मी तुझ्याबरोबर साताऱ्याला येणार. सुईपायी मी कधी या गावाबाहेर झोपले नाही. आमची माणसं कुठून आली ते तरी बघते." मी त्याच दिवशी माहेरी कळवलं. अण्णांनी जुन्या ट्रंकेतून त्यांच्यासाठी अंथरूण गुंडाळून न्यायचा होल्डॉल काढून उन्हात टाकला.

डॉक्टरांनी यांना एकट्याला बोलावून घेतलं ते याच सुमारास. हे परत आले ते सरळ परसात गेले. मी धुणं वाळत घालत होते.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"साखर बरी झालेली नाही," हे म्हणाले. "मूत्रपिंडं थकली की टोचलेलं इन्सुलिन अंगातून लवकर बाहेर पडत नाही. म्हणून कमी पुरतं. म्हणजे... हे चांगलं लक्षण नाही. मूत्रपिंडं जात आली आहेत."

"मग औषध?"

"नाही म्हणाले. परदेशात रक्त धुवायचं यंत्र निघालंय म्हणे. इथं नाही."

दोरीवर अक्कांचीच साडी होती. मी ती झटकत राहिले, पाणी निथळून गेलं तरी झटकत राहिले. यांनी अक्कांना सांगितलं नाही, मीही नाही. अण्णांना सांगायची तर हिंमतच झाली नाही. अण्णा रोज होल्डॉल फिरवून उन्हात टाकत होते.

सुट्टी लागायला थोडेच दिवस राहिले होते. अक्का जेवून पानावरून उठल्या आणि एकदम ओरडून भिंतीला धरून उभ्या राहिल्या. डाव्या मांडीत कुणी सुरी खुपसावी तशी कळ आली म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत मांडी पुढच्या बाजूनं सुजून घट्ट झाली. हात लावू देत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी आत नारळाएवढी गाठ लागायला लागली. पाय टेकता येईना.

डॉक्टर घरी आले. त्यांनी मांडीवरच्या टोचण्यांच्या खुणा पाहिल्या आणि म्हणाले, सुईतून जंतू गेले असतील, आत गळू होत असेल. पेनिसिलिन सुरू झालं. शेजारणीच्या सांगण्यावरून मी नाचणीचं गरम पोटीस बांधलं. शेकानं कळ वाढली. होल्डॉल अण्णांनी गुंडाळून पुन्हा ट्रंकेत ठेवला.

आठवडा-दोन आठवडे गेले, गाठ तशीच. मग यांनी एका मोठ्या इस्पितळातल्या सर्जनला दाखवलं. तो तरुण होता, हुशार म्हणून नाव झालेला. त्यानं मांडी दाबून पाहिली आणि सांगितलं, "खोल पू असणार. कापून काढायला हवा."

अक्का म्हणाल्या, "पण मला ताप नाही, डॉक्टर. पू असेल तर ताप नको का?"

"मधुमेहात नेहमी येतोच असं नाही," तो म्हणाला.

घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांबू या. थोडे दिवस पडून राहते. कमी होईल." त्यांच्या बोलण्यात हट्ट नव्हता, नुसतं विचारल्यासारखं होतं. पण यांना भीती बसली होती. यांच्या आईचं पोटातलं दुखणं असंच आज बघू, उद्या बघू करत राहिलं होतं आणि ती हातची गेली होती. "पू रक्तात गेला तर काय करशील तू?" हे अक्कांवर जवळजवळ ओरडलेच. "अक्का, माझं एवढं ऐक." अक्कांनी धाकट्या भावाकडे बघितलं. "सरी," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन चाललं होतं तोवर आम्ही इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून होतो. सर्जन बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं. माणूस सरळ होता, त्यानं लपवलं नाही. "पू नव्हता," तो म्हणाला. "एक थेंबही नाही. स्नायू पांढुरके पडले आहेत, शिजवल्यासारखे. मेलेलं मांस आहे. कशानं मेलं ते मला सांगता येत नाही. तुकडा तपासायला पाठवलाय."

कॅन्सर असेल, असं आम्हा तिघांच्याही मनात आलं. तुकड्याचा निकाल येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते आठवत नाही. निकाल आला, कॅन्सर नाही. नुसतं मेलेलं मांस, बाकी काही नाही. अण्णांनी बसवण्णाच्या देवळात जाऊन नारळ फोडला. आम्ही त्या दिवशी खरंच हसलो. तो निळा रंग दिसला होता तेव्हा हसलो होतो, अगदी तसेच.

जखम भरली नाही. मांडीवरचा तो लांब काप टाके काढल्यावर उसवला आणि उघडाच राहिला. अक्कांना घरी आणलं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली. रोज सकाळी-संध्याकाळी मी जखम धुवायची, मेलेलं चिमट्यानं काढायची, पट्टी बदलायची. अक्का दातांत पदर धरून छताकडे बघत राहायच्या. मूत्रपिंडं आता अजिबात साथ देत नव्हती. अंगाला खाज सुटायची, खाजवून खाजवून हात रक्ताळायचे. अन्न बघितलं की उलटी. श्वासाला लघवीसारखा वास यायला लागला. जखमेचा वास वेगळाच. मी उदबत्त्या लावायची, खिडकी उघडी ठेवायची, फरशी फिनेलनं पुसायची. वास जात नसे.

अण्णा सुरुवातीला दिवसभर खाटेशेजारी स्टुलावर बसायचे. हळूहळू दाराशी बसायला लागले. मग दारातूनच "कसं आहे आज?" विचारून जायला लागले. नंतर तेही बंद झालं. परसातल्या विहिरीपाशी खुर्ची टाकून सकाळपासून अंधार पडेपर्यंत तिथं बसायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "अण्णा, अक्का वाट बघतात." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मला बघवत नाही गं," म्हणाले. "माझ्याच्यानं होत नाही."

पट्टी बांधताना अक्का मला म्हणाल्या, "अण्णांना आणायला जाऊ नको."

"मी कुठं गेले होते?"

"मला ऐकू येतं इथून. त्यांना राहू दे बाहेर. बापाचं काळीज आहे. आईच्या दुखण्यातही त्यांनी असंच केलं होतं." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं माझ्याशी खोटं बोलत होतात ना?"

मी हातातली पट्टी गुंडाळत राहिले.

"अगं, गणित शिकवते मी. औषध कमी होतंय आणि सूज वाढतेय. बेरीज जुळत नव्हती. पण निळा रंग बघून बरं वाटत होतं, म्हणून मीच नाही विचारलं."

त्यानंतर रडायचं ते मी मोरीत नळ सोडून रडायचे.

पावसाळा संपत आला असताना उजव्या मांडीत कळ आली. तशीच, तीच जागा. तशीच सूज, आत तशीच गाठ. मी यांना कारखान्यात निरोप पाठवून बोलावून घेतलं. हे आले, बघितलं, आणि खाटेच्या कडेला बसून राहिले.

"सर्जनला बोलावू?" यांनी विचारलं.

"बोलाव," अक्का म्हणाल्या, "पण कापू द्यायचं नाही. आता साकु. पुरे झालं मला."

सर्जन आला. त्यानं दोन्ही पाय बघितले. कापायचं त्यानं नावही काढलं नाही. पाय उशीवर ठेवून पडून राहा, शेक नको, चोळू नका, दुखणं थांबायच्या गोळ्या घ्या, एवढंच सांगितलं.

आम्ही तेवढंच केलं, म्हणजे काहीच केलं नाही. आणि ती गाठ ओसरली. आधी कळ कमी झाली, मग सूज उतरली, मांडी मऊ पडली. दिवाळीच्या सुमारास अक्का तो पाय खाटेवर दुमडून घेऊ शकत होत्या. डाव्या पायाची जखम शेजारी उघडीच होती.

सर्जन पुन्हा बघायला आला तेव्हा त्यानं उजवी मांडी हातानं चाचपली आणि बराच वेळ हात तिथंच ठेवला. मग डाव्या पायावरची पट्टी मला सोडायला सांगितली, बघितली आणि स्वतःच बांधली. जाताना यांना फाटकाशी म्हणाला, "मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही, मला वाटतं." तो गेल्यावर हे फाटकाला धरून तसेच उभे राहिले. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "थांबू या म्हणाली होती ती."

"तुम्ही अक्कांच्या भल्यासाठीच केलंत."

"थांबू या म्हणाली होती," हे पुन्हा म्हणाले.

यांनी अक्कांशी तो विषय काढला नाही. पण जखम धुवायचं काम यांनी स्वतःकडे घेतलं. कारखान्यात जायच्या आधी आणि आल्यावर. मी मदतीला गेले तर नको म्हणायचे. अक्का एकदा यांच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू हे करू नको रे. हिचा हात हलका आहे." हे मान खाली घालून करत राहिले.

थंडीत अक्कांचं भान जायला लागलं. दुपारी झोपेत बडबडायच्या, जाग्या झाल्या तरी आम्हाला ओळखायच्या नाहीत. बडबड सगळी कानडीत, शाळेची. मुलींची हजेरी घ्यायच्या, कुणाला तरी उभं करायच्या, फळा पुसायला सांगायच्या. त्या दिवशी त्या जरा मोठ्यानं ओरडत होत्या, कुणीतरी गणित करून आणलं नव्हतं. मी कपाळावर ओला फडका ठेवत होते. तेवढ्यात दारात अण्णा दिसले. किती महिन्यांनी त्या खोलीत आले असतील! ते आत आले, स्टूल ओढून खाटेजवळ बसले.

अक्का त्यांच्याकडे बघून कानडीत म्हणाल्या, "का नाही आणलंस करून?"

अण्णांचे ओठ हलले. मग तेही कानडीतच म्हणाले, "विसरलो, मिस."

"उद्या आणायचं."

"आणतो, मिस."

"नक्की?"

"नक्की, मिस."

अक्का शांत झाल्या. अण्णा त्यांचा सुजलेला हात धरून बसून राहिले. वास होताच, पण त्यांनी नाकाला धोतराचा सोगा लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, हे जखम धुवायची तयारी करत असतानाच, अक्कांचा श्वास लांब लांब पडायला लागला. पाणी कोमट व्हायच्या आत त्या गेल्या. वय छत्तीस-सदतीस असेल.

अण्णा त्यानंतर वर्षभरच जगले. एका खोलीत बसून असायचे, मिठाचं काही खायचे नाहीत. का, ते आम्ही विचारलं नाही.

हे सगळं मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आता आम्ही दोघं मुलाबरोबर सर्जापूर रोडवर उंच इमारतीत राहतो. नात डॉक्टर झाली. आजोबांना साखर तर होणार नाही ना, या काळजीनं ती घरातल्या सगळ्यांच्या जुन्या दुखण्यांची चौकशी करत होती, तेव्हा मी अक्कांच्या पायाचं सांगितलं. तिनं लगेच ओळखलं. म्हणाली, मधुमेह जुना असला आणि मूत्रपिंडं निकामी व्हायला आली की असं होतं कधी कधी. स्नायूंच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, मांस आतल्या आत मरतं. मांडीतच बहुतेक. एक पाय बरा होतो तर दुसऱ्यात निघतं. "कापायचं नसतं, आजी. विश्रांती द्यायची, वेदना कमी करायच्या. आपोआप ओसरतं. कापलं की जखम भरत नाही. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं."

हे सोफ्यावर बसून ऐकत होते. मला वाटत होतं यांना कमी ऐकू येतं.

"म्हणजे काही केलं नसतं," हे म्हणाले, "तर पाय चांगला राहिला असता."

"अहो, मूत्रपिंडं गेलीच होती. अक्का राहिल्या नसत्या."

"पाय राहिला असता," हे म्हणाले. "शेवटचे महिने असे खाटेवर गेले नसते तिचे."

नातीनं माझ्याकडे बघितलं. हे उठले, भिंतीला धरून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. जेवायला हाक मारली तेव्हा भूक नाही म्हणाले.